यादीतला मतदार

आमच्या मराठवाड्यात ‘प्रायमरी’ म्हटले की पाटी-दप्तर घेतलेली पोरे डोळ्यांपुढे येतात. २०१४ च्या आरंभी लातूरकरांच्या तोंडी हा शब्द निराळ्याच अर्थाने बसला. राहुल गांधींच्या आग्रहावरून काँग्रेसने देशातील काही निवडक मतदारसंघांत लोकसभेचा उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने ठरविण्याचा प्रयोग केला. महाराष्ट्रात तो लातूर आणि वर्धा येथे झाला. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडले गेले. वर्ध्यात चारुलता टोकस यांना मागे टाकून सागर मेघे. शेजारच्या नांदेडात मात्र जुनीच रीत चालली व दिल्लीहून अशोक चव्हाणांचे नाव आले.

पुढे बनसोडे अडीच लाखांहून अधिक मतांनी पडले, मेघेही पडले, आणि चव्हाण निवडून आले. एवढ्यावरून प्रायमरी फसली म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. त्या लाटेत साऱ्या महाराष्ट्रात काँग्रेसच्या पदरी नांदेड आणि हिंगोली या दोनच जागा पडल्या; लातूर कोणत्या रीतीने वाचले असते? माझा आक्षेप प्रयोगाच्या निकालावर नाही, त्यातल्या प्रचारावर आहे.

भाषण कसे होणार हे ऐकणारा ठरवितो. या प्रायमरीत ऐकणारा कोण होता? पक्षाला वर्षानुवर्षे मत देणारा शेतमजूर नव्हे, तर पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले प्रतिनिधी. त्यांची यादी होती. यादीतल्या माणसाला उमेदवार पुरता ठाऊक असतो, आणि उमेदवाराला त्याचे व्याही, त्याचे अडलेले बिल, जिल्हा परिषदेच्या तिकिटावरून धरलेला रुसवा, सारे ठाऊक असते. त्याच्यापुढे भोंगा लावून करायचे काय? मग इच्छुक यादी खिशात घालून ओसरीवर येतो, चहा घेतो आणि हळूच विचारतो, “अण्णा, आपलं काय ठरलं?” अण्णा म्हणतात, “बघू की. वरून काय निरोप येतोय ते.” हा संवाद मी कानांनी ऐकलेला आहे. दुसरा इच्छुक आला तरी प्रश्न तोच आणि उत्तरही तेच. दोन प्रचारांची तुलना करायला बसावे, तर हाती एकच प्रचार लागतो. फक्त गाडीचा रंग वेगळा.

अमेरिकेत २००८ साली हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा एकाच पक्षात असून किती निराळे लढले! क्लिंटनबाईंची भिस्त मोठ्या राज्यांवर आणि ५ फेब्रुवारीच्या एका दिवसावर. ओबामांची माणसे लहानसहान राज्यांच्या सभांत शिरून प्रतिनिधींची मोजदाद करीत राहिली. आणि इराक युद्धाच्या बाजूने दिलेल्या मताचा जाब क्लिंटनबाईंना चारचौघांत द्यावा लागला. तेथेही पैशाचा खेळ थोडा नाही. पण ऐकणारा अनोळखी होता, म्हणून बोलावे लागले.

लातुरात बोलण्याजोगे काय कमी होते? मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव. पहिले निवडून आलेले जयवंतराव आवळे कोल्हापूरकडचे, तेही आठ हजारांच्या आतल्या मताधिक्याने. राखीव जागेवरचा माणूस कोणाच्या बळावर उभा राहतो, स्वतःच्या की पाठीराख्या पुढाऱ्याच्या, हा प्रश्न वाड्यावस्त्यांवर नेण्याची ती संधी होती. पाण्याचेही तसेच. दोनच वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले. ते दुर्भिक्ष काही एका रात्रीत आलेले नव्हते. पण ओसरीवर मांजरा धरणाची गोष्ट कोण काढणार?

बडोद्यात तर प्रायमरी जिंकलेल्या नरेंद्र रावतांना मधुसूदन मिस्त्रींसाठी बाजूला व्हावे लागले. ‘वरचा निरोप’ म्हणतात तो हाच. अण्णांना राजकारण आपल्या पुस्तकी टीकाकारांहून अधिक कळते, हे कबूल केले पाहिजे.

आमच्या राजकीय कादंबरीला मंत्र्यांचे बंगले चांगले ठाऊक आहेत. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ने मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीभोवतीचे डाव मराठी वाचकाला दाखविले. तालुक्याच्या यादीतला हा माणूस मात्र, ज्याला मत आहे आणि मत नाहीही, कादंबरीत फारसा आलेला नाही. मला त्याच्यात खलनायक दिसत नाही. त्याला कोणी कधी खरा प्रश्नच विचारलेला नाही.

२०२४ साली लातुरातून शिवाजी काळगे आणि नांदेडातून वसंतराव चव्हाण, दोघेही काँग्रेसचे, निवडून आले. अशोक चव्हाण तोवर भाजपमध्ये गेले होते. अण्णांच्या ओसरीवर त्या खेपेला यादी घेऊन कोणी आले नाही.