खलनायकाला चहा

टीव्हीवर नवी मालिका सुरू झाली की आमची आई पहिला प्रश्न विचारते, "ह्यातला दुष्ट कोण रे?" नायक कोण, हे तिनं आजवर कधी विचारलेलं नाही. तिचंही बरोबरच आहे म्हणा. नायक बिचारा आमच्यासारखाच. सकाळी बदलापूर लोकलमध्ये पायावर दुसऱ्याचा पाय सहन करायचा, साहेबाला 'हो' म्हणायचं आणि संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी यायचं. खलनायकाला मात्र काहीतरी हवं असतं, आणि ते मिळवायला तो उठतो. गोष्टीचं इंजिन तोच. नायक म्हणजे मागचा डबा!

आचार्य अत्र्यांनी १९६२ साली ह्या इंजिनालाच नायक केलं. 'तो मी नव्हेच'मधला निपाणीचा तंबाखूवाला लखोबा लोखंडे नावं बदलतो, वेष बदलतो, लग्नाच्या नावाखाली बायकांना फसवतो आणि कोर्टात थंडपणे सांगतो, की तो मी नव्हेच. प्रभाकर पणशीकर एकटे पाच रूपांत यायचे, आणि दिमतीला फिरता रंगमंच.

मी हे नाटक पहिल्यांदा पाहिलं ते गणपतीच्या मांडवात. तेव्हा आम्ही अंबरनाथला राहायचो. हौशी मंडळींचा प्रयोग. तिथं रंगमंच कुठला फिरायला? अंधारात चार पोरं टेबल-खुर्च्या घेऊन पळायची. कुणीतरी आपटल्याचा आवाज आला, की आम्ही समजायचो, प्रवेश बदलला. तरी लखोबाच्या प्रत्येक थापेला टाळी! शेजारी उल्हासनगरचे एक कापडवाले शेठ बसले होते. 'मेड इन यू.एस.ए.' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद हसत हसत पचवलेल्या गावचे ते. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ऐसा आदमी दुकान पे बैठा, तो माल पड़ा नहीं रहेगा!"

मीही हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवल्या. हसत नव्हती ती फक्त आमची आत्या.

त्याचं कारण आदल्या वर्षीचं. भिशी चालवणारे एक गृहस्थ आमच्या ओसरीवर यायचे. काय बोलायचे महाराजा! दोन कप चहात चार किस्से. आत्यानं शिवणकाम करून साठवलेले पैसे त्यांच्याकडे ठेवले, आणि एके दिवशी गृहस्थ गावातून नाहीसे झाले. पैसे गेले, किस्से मात्र आम्ही ठेवून घेतले. लग्नाकार्यात मी ते त्यांच्या आवाजाची नक्कल करून सांगायचो. किस्सा सुरू झाला, की आत्या कपबशा उचलून आत जायची. मला वाटायचं, हिला विनोद कळत नाही.

त्या रात्री घरी येताना तिनं विचारलं, "त्या बायकांचं पुढं काय झालं असेल रे?" लखोबाची पाचही सोंगं मला तोंडपाठ होती. फसलेल्या एकाही बाईचं नाव आठवेना.

हा दोष अत्र्यांचा नव्हे. त्यांनी तर मुद्दाम कोर्ट मांडलं. कोर्टात फसलेल्यांनाही बोलायला मिळतं. मोहिनी आणि तक्रार, दोन्ही एकाच रंगमंचावर उभ्या केल्या. टाळी कुणाला द्यायची, ते आम्ही ठरवलं.

पुढे २०१५ साली श्रीराम राघवन ह्यांचा 'बदलापूर' आला. आपल्या गावाचं नाव म्हणून आमची अख्खी सोसायटी बघायला गेली. ह्यातला रघू बायकोमुलाच्या खुनाचा बदला घेण्यासाठी पंधरा वर्षं वाट बघतो, तीही बदलापुरात राहून. मला लगेच पटलं. इथं राहणाऱ्याला वाट बघण्याचा सराव असतोच. पण शेवटी शेवटी नायकच इतका क्रूर होतो आणि नवाझुद्दीन सिद्दिकीचा दरोडेखोर असं काही करून जातो, की टाळीसाठी उचललेले हात तसेच राहतात. आम्ही थेटराबाहेर आलो ते गप्प. मला वाटतं, ती गप्पच त्या सिनेमाची खरी कमाई.

खलनायक नायक व्हायला माझी हरकत नाही. त्याच्यावाचून रविवार जायचा कसा? माझी कसोटी एवढीच, आणि तीही आत्याकडून उसनी घेतलेली: पडदा पडल्यावर फसलेलं माणूस आठवतं का?

परवा एका लग्नात कुणीतरी आग्रह धरला, "अरे, तो भिशीवाल्याचा किस्सा सांग ना! नक्कल करणारा तूच ना?"

कपबशा उचलायला आता आत्या नाही. मीच त्या उचलल्या आणि म्हटलं, "तो मी नव्हेच."