दैनिकातील चित्रकथा आणि तिचा ग्रंथावतार : ‘रिप कर्बी’च्या पुनर्मुद्रणाच्या निमित्ताने

१

वृत्तपत्रात दररोज प्रसिद्ध होणारी चित्रकथा ग्रंथरूपाने टिकावी अशा हेतूने निर्माण झालेली नसते. ती सकाळी वाचली जाते आणि काही दिवसांनी रद्दीत जाते. तीन-चार चौकटींची एक आडवी पट्टी, तीत थोडे चित्र, थोडा संवाद आणि उद्याविषयीची उत्कंठा, एवढाच तिचा संसार. अशा पट्ट्या पाच-सहा दशकांनंतर तारीखवार एकत्र करून, पक्क्या बांधणीच्या खंडांत छापल्या जातात तेव्हा वाङ्मयाच्या अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. हा ग्रंथ म्हणजे ती मूळ कृतीच काय, की मूळ कृतीच्या सामग्रीतून सिद्ध झालेली दुसरीच एक कृती?

या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात ‘रिप कर्बी’ या अमेरिकन गुप्तहेर-चित्रकथेच्या आधारे करावयाचा आहे. हे उदाहरण निवडण्याचे कारण उघड आहे. या कथेचा मूळ पाठ आज संकलित खंडांत उपलब्ध आहे; आणि ज्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’ मालिकेतून रिप कर्बी भारतीय वाचकांच्या परिचयाचा झाला ती मराठीतही निघत असे. त्यामुळे हा विषय परदेशी असूनही मराठी वाचनाच्या इतिहासाशी त्याचा थेट संबंध पोहोचतो.

२

‘रिप कर्बी’ची पहिली पट्टी ४ मार्च १९४६ रोजी प्रसिद्ध झाली. तिचा चित्रकार अॅलेक्स रेमंड हा त्यापूर्वीच ‘फ्लॅश गॉर्डन’मुळे (१९३४) विख्यात झाला होता. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन दलात होता. त्याचा नायकही मरीन दलातूनच नागरी जीवनात परत येतो. कथालेखनाची बाजू प्रथम किंग फीचर्स सिंडिकेटचे संपादक वॉर्ड ग्रीन यांनी व पुढे फ्रेड डिकन्सन यांनी सांभाळली. ६ सप्टेंबर १९५६ रोजी मोटार अपघातात रेमंडचा मृत्यू झाला. त्यानंतर जॉन प्रेंटिस याने ही मालिका १९९९ साली तिच्या समाप्तीपर्यंत चालविली. म्हणजे निर्मात्याच्या दहा वर्षांपुढे उत्तराधिकाऱ्याची त्रेचाळीस वर्षे उभी आहेत. कर्तृत्वाची ही विभागणी या प्रकारच्या वाङ्मयात अपवादात्मक नाही, ही गोष्ट प्रारंभीच ध्यानात घेतलेली बरी.

तत्पूर्वीचा वृत्तपत्रीय गुप्तहेर म्हणजे चेस्टर गूल्डचा ‘डिक ट्रेसी’ (१९३१). तो पोलिसांतला माणूस. त्याचे जग रांगडे, हिंसेने भरलेले, आणि त्यातील गुन्हेगारांचे चेहरे त्यांच्या दुष्कृत्यांप्रमाणेच विद्रूप. रिप कर्बी याच्या अगदी उलट आहे. तो चष्मा लावतो, पाइप ओढतो, विज्ञानाचा अभ्यास करतो आणि संस्कृत अभिरुचीच्या गृहस्थाप्रमाणे वावरतो. त्याचा बटलर डेस्मंड हा एके काळचा घरफोड्या. हनी डोरियन ही त्याची प्रेयसी. तर पेगन ली ही गुन्हेगारी जगाच्या सावलीतून आलेली स्त्री. गूल्डचे दुर्जन पाहताक्षणीच ओळखता येतात. रेमंडच्या जगात दुर्जनही उत्तम कपडे घालतो, आणि म्हणून चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची सोय वाचकाला उरत नाही. युद्धोत्तर नागर जीवनातील संशयाचे हे चित्रण ही या मालिकेची खरी मिळकत होय.

या चित्रणाचे साधन आहे रेमंडची कुंचल्याची रेषा. ही मालिका केवळ दैनिकासाठी होती. तिला रविवारचे रंगीत पान नव्हते. त्यामुळे जे काही सांगावयाचे ते काळ्या-पांढऱ्यातच सांगणे भाग होते. खोलीचा अर्धा भाग शाईत बुडालेला आणि उरलेल्या अर्ध्यात एक हात, एक दिवा, एक उघडे दार, अशी योजना येथे वारंवार आढळते. कोल्हापूरच्या रसिकाला ही भाषा परकी वाटू नये. चित्रकलेतून मूकपटाकडे गेलेल्या बाबूराव पेंटरांच्या या नगरीत छायाप्रकाश हा केवळ सजावटीचा विषय नाही, तो कथनाचा विषय आहे, हे निराळे सांगावयास नको.

मात्र गुणांबरोबर मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. हनी आणि पेगन या दोन स्त्रिया म्हणजे सात्त्विक आणि मोहक असे दोन ठोकळे होत. त्यांना स्वतंत्र अंतर्जीवन क्वचितच लाभते. आणि रहस्यकथा म्हणून पाहू गेल्यास येथे तर्काची बाजू दुबळी आहे. सूक्ष्म धागेदोरे पेरून शेवटी त्यांची उकल करण्याऐवजी पाठलाग, बतावणी, सुटका यांवर कथेचा भर असतो. हा दुसरा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु तो कोणत्या पाठावर घेतला जात आहे हे प्रथम पाहिले पाहिजे.

३

अमेरिकेतील आयडीडब्ल्यू या प्रकाशनसंस्थेने ‘लायब्ररी ऑफ अमेरिकन कॉमिक्स’ या मालेत ‘रिप कर्बी’च्या संकलित खंडांचे प्रकाशन २००९ साली सुरू केले. रेमंडच्या कालखंडाला त्यांतील पहिले चार खंड दिलेले आहेत. आठवड्याला सहा पट्ट्या या हिशेबाने हा ऐवज सव्वातीन हजार पट्ट्यांच्या आसपास जातो. सिंडिकेटच्या मूळ मुद्रितांवरून छपाई झाल्यामुळे रेषांची धार व काळ्या भागांची खोली यांत पूर्वीच्या पुनर्मुद्रणांहून फार मोठा फरक पडला आहे. संपादनाच्या दृष्टीने हे काम निःसंशय मोलाचे आहे.

तथापि ग्रंथ हाती घेताच वाचनाची रीत बदलते. एका पानावर एकाखाली एक पट्ट्या येतात; सोमवार संपताच मंगळवार समोर उभा राहतो. वृत्तपत्रात या दोहोंमध्ये चोवीस तास होते, आणि ते तास कथेच्या रचनेचाच भाग होते. पट्टीच्या पहिल्या चौकटीत कालच्या प्रसंगाची आठवण करून द्यावयाची, मधल्या चौकटीत कथा एक पाऊल पुढे न्यावयाची आणि अखेरच्या चौकटीत उद्यासाठी काही राखून ठेवावयाचे, हा या प्रकाराचा छंदच आहे. ग्रंथात ती आठवण पुनरुक्ती ठरते आणि ती उत्कंठा पान उलटण्याच्या क्षणात विरून जाते. ओवी ओवीने म्हणावयाचे काव्य कोणी सलग गद्याप्रमाणे वाचावे, तसे काहीसे येथे घडते.

आता तर्काच्या दुबळेपणाच्या आक्षेपाकडे वळू. ज्या रहस्यकथेत धागेदोरे पेरलेले असतात तिच्या वाचकाला मागे वळून पाहण्याची सोय असावी लागते. तिसऱ्या प्रकरणातील घड्याळाचा उल्लेख विसाव्या प्रकरणात आठवला नाही, तर तो पान उलटून पाहू शकतो. दैनिकाच्या वाचकापाशी ही सोय नाही. सहा आठवड्यांपूर्वीचा अंक त्याच्या घरात नसतो. एखाद्या दिवसाचा अंक तर त्याच्या हाती पडलेलाही नसतो. अशा वाचकापुढे सूक्ष्म पुराव्याची कथा मांडणे म्हणजे त्याची फसवणूकच होय. म्हणून दैनिकातील गुप्तहेर तर्कापेक्षा कृतीकडे झुकतो. पुरावा लपविण्याऐवजी तो संकट वाढवितो. ही लेखकाची असमर्थता नसून माध्यमाने घातलेली अट आहे. ग्रंथ मागे वळून पाहण्याची सोय देतो; समीक्षक मागे वळतो, तेथे त्याला काही सापडत नाही, आणि तो कृतीला दोष देतो. वस्तुतः जी सोय मूळ वाचकाला नव्हतीच तिच्या आधारे दिलेला हा निवाडा आहे.

मराठी अभ्यासकाला हा प्रश्न नवा नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० ते १८९३ या काळात ‘करमणूक’मधून क्रमशः आली. तिच्या पाल्हाळाची चर्चा आपण ग्रंथ समोर ठेवून करतो. आठवड्यामागून आठवडा वाट पाहणाऱ्या वाचकाला ती कशी भेटत होती याचा विचार त्या मानाने थोडा होतो.

४

मराठीत आल्यावर तर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा होतो. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले. आरंभी तीत केवळ वेताळाच्या कथा असत. पुढे मांड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आदी नायक आले, आणि १९७६ साली आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ हा भारतीय नायकही आला. १९९० साली ही मालिका बंद पडली. तिचे अंक अनेक भारतीय भाषांत निघत आणि मराठी ही त्यांतील एक होती.

या पुस्तिकेत दैनिकाची पट्टी मोडली गेली. आडव्या पट्टीतील चौकटी उभ्या पानावर नव्याने मांडाव्या लागल्या; काळ्या-पांढऱ्यावर रंग चढले; कित्येक आठवड्यांची कथा एका बैठकीत संपू लागली. संपादकीय हस्तक्षेप नावांपर्यंतही पोहोचला. वेताळाच्या कथांतील ‘बंगल्ला’ येथे ‘डेंकाली’ झाला, हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. रेमंडच्या छायाप्रकाशाचे या रंगांखाली नुकसान झाले, असेच शुद्ध चित्रकलेच्या दृष्टीने म्हणावे लागेल.

परंतु भाषेच्या दृष्टीने पाहता याच पुस्तिकेत काही नवे घडले. मराठी रहस्यकथेची प्रस्थापित रीत रूपांतराची होती. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कथांना देशी वेष चढविला. हजाराहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड, धनंजय हे नायक मुंबईच्या रस्त्यांवर मराठी माणसांसारखे वावरले. चित्रकथेत ही वाट बंद असते. चित्र बदलता येत नाही. मोटार, टोपी, इमारत, चेहरा सारे परकेच राहते, आणि त्या परक्या चेहऱ्याच्या मुखातून मराठी बोलावी लागते. रूपांतर अशक्य झाल्यामुळे भाषांतर अपरिहार्य झाले.

या भाषांतराच्या अडचणी बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. इंग्रजीत संबोधनाचे सर्वनाम एकच; मराठीत तू, तुम्ही, आपण यांतून प्रत्येक वेळी निवड करावी लागते. डेस्मंडने कर्बीला काय म्हणावे? ‘साहेब’ म्हटले तर कचेरी आठवते, ‘मालक’ म्हटले तर शेतवाडी, ‘हुजूर’ म्हटले तर संस्थानी दरबार. हनीने कर्बीला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? ‘तू’ म्हटले की ती स्वतंत्र वृत्तीची प्रेयसी होते. ‘तुम्ही’ म्हटले की तत्कालीन मराठी घरातील पत्नीची छाया तिच्यावर पडते. अशा एका सर्वनामाने पात्राचा स्वभाव ठरतो. त्यात आणखी एक अडचण लिपीची. संवादाचे फुगे रोमन मोठ्या अक्षरांच्या मापाने आखलेले. देवनागरीच्या ओळीला शिरोरेषेवर वेलांटी-मात्रांना आणि खाली उकारांना जागा लागते. म्हणून तेवढ्याच फुग्यात ओळी कमी मावतात आणि भाषांतरकाराला वाक्य आखडते घ्यावे लागते. आखूड, क्रियापदाकडे धावणारे, विशेषणे टाळणारे मराठी गद्य कसे घडते याचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने या फुग्यांकडे दुर्लक्ष करू नये.

५

येथे आपण मूळ प्रश्नाकडे परत येतो. ‘रिप कर्बी’चे एक नव्हे, तीन पाठ आपल्यापुढे आहेत : दिवसाच्या मापाचा वृत्तपत्रीय पाठ, एका बैठकीच्या मापाचा पुस्तिकेचा पाठ, आणि कालखंडाच्या मापाचा ग्रंथपाठ. तिन्ही पाठांत चित्रे बहुतांशी तीच असली तरी कृती एक राहत नाही, कारण कृतीचे माप वाचनाच्या मापाने ठरते.

संकलित खंडांनी रेमंडचा पाठ शुद्ध करून परत दिला, हे खरे. पण त्यामुळे मराठी वाचकाचा पाठ परत मिळत नाही. मराठी घरांतून जो रिप कर्बी वाचला गेला तो रंगीत, कापलेला, जुळवलेला आणि मराठी बोलणारा होता. महाभारताचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ साली पूर्ण केलेल्या चिकित्सित आवृत्तीने प्राचीनतम उपलब्ध पाठ निश्चित करण्याचा प्रयत्न केला. तरीही समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जे महाभारत ऐकले ते समजून घ्यावयाचे तर नीलकंठाच्या टीकेसह प्रचलित असलेल्या पाठाकडेच जावे लागते. शुद्ध पाठ आणि रूढ पाठ या दोन स्वतंत्र ऐतिहासिक वस्तू आहेत. एकीच्या लाभाने दुसरीची हानी भरून निघत नाही.

रूढ पाठाच्या जतनाविषयी आपली वृत्ती मात्र उदासीन आहे. ग्रंथ शासनमान्य ग्रंथालयांत पोहोचावेत म्हणून १९५४ साली कायदा झाला व १९५६ साली नियतकालिकेही त्याच्या कक्षेत आली. परंतु कायदा प्रत जमा करवितो. तिला वाङ्मयीन नोंदीचे मोल देण्याचे काम विद्यापीठांचे आहे. मुलांची करमणूक म्हणून जे बाजूला ठेवले जाते ते रद्दीवाल्याच्या तराजूत पडते, आणि पुढे संग्राहकांच्या खाजगी कपाटांत जाऊन अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहते.

यास्तव पदव्युत्तर अभ्यासकांपुढे दोन कामे ठेवता येतील. पहिले, मराठी इंद्रजाल पुस्तिकांची क्रमांकवार सूची करून प्रत्येक कथेचा तिच्या मूळ वृत्तपत्रीय तारखांशी मेळ घालणे. संकलित खंडांमुळे हे आता शक्य झाले आहे. दुसरे, त्या पुस्तिकांतील संबोधने, उद्गार, शपथा व शिव्यांचे सौम्य पर्याय यांचा भाषाशास्त्रीय संग्रह करणे. दोन्ही कामे कष्टाची आहेत, चमकदार नाहीत. परंतु पोथ्यांचे पाठभेद ज्या शिस्तीने नोंदविले गेले तीच शिस्त येथे लागू पडते, आणि ती शिस्त मराठीच्या विभागांपाशी आहे. अमेरिकेने आपल्या दैनिकांतील क्षणिक वाङ्मय ग्रंथात सुरक्षित केले. त्याचे मराठी रूप सुरक्षित करण्याची जबाबदारी मात्र तेथील कोणा प्रकाशकावर येत नाही; ती आपलीच आहे.