वारुळातलं माहेर आणि मराठी कादंबरी

परक्या ठरलेल्या माणसाला दुसऱ्या जगाचं दार सापडतं, तिथे जादू असते आणि तिथेच त्याला आपलं माणूस भेटतं. इंग्रजीत या प्रकाराला पोर्टल फँटसी म्हणतात. आपल्याकडे हा प्रकार बाहेरून आला असं मानणाऱ्यांनी श्रावणातली नागपंचमीची कहाणी पुन्हा वाचावी. सगळ्या सुना माहेरी, आजोळी, पंजोळी जातात. धाकटीला जायला कोणी नाही. शेषभगवान ब्राह्मणाच्या रूपात मामा म्हणून येतो, तिला फणीवर बसवून वारुळातल्या आपल्या घरी नेतो. तिथे बाळंत होणाऱ्या नागिणीजवळ तिला दिवा धरायला सांगतात. वळवळणारी पिल्लं पाहून ती घाबरते, हातातला दिवा पडतो, पिल्लांची शेपटं भाजतात. पुढे तीच भाजलेली पिल्लं, लांडोबा-पुंडोबा, सूड घ्यायला तिच्या सासरी येतात आणि ती नागाची चित्रं काढून भावांसाठी प्रार्थना करताना दिसते म्हणून नवरत्नांचा हार ठेवून परत फिरतात.

या एवढ्याशा गोष्टीत सगळं आहे. परकेपण आहे ते थेट सासरचं, घरात राहूनही घर नसण्याचं. दुसऱ्या जगाचे नियम आहेत, तिथे केलेल्या चुकीची किंमत आहे. आणि ते जग या जगात येऊन नातं निभावतं. ही कल्पना पुढे वाढवायला कादंबरीला काहीच हरकत नव्हती. तरी ती वाढली नाही.

कादंबरीची सुरुवात काही अद्भुताच्या विरोधात झाली नव्हती. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ची. १८५७च्या वास्तववादी ‘यमुनापर्यटन’च्या शेजारी ही अद्भुताची दुसरी वाट त्याच काळात पडली होती. नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या ज्या तीन प्रवृत्ती सांगितल्या, त्यांतली एक ‘मुक्तामाला’च्याच नावाची. पण १८७२ सालीच काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ आला आणि असंभाव्याची झडती सुरू झाली. १८८५मध्ये हरिभाऊंची ‘मधली स्थिती’ येऊ लागल्यावर शहाण्या वाचकाची आवड ठरून गेली. झडती घेण्यासारखं बरंच होतं, हे कबूल. त्या राजकन्यांच्या कादंबऱ्या आज वाचवत नाहीत. पण तेव्हापासून अद्भुत म्हणजे पोरांचं, नाहीतर बायकांच्या व्रतांचं, असा जो शिक्का बसला तो आपण अजून पुसलेला नाही.

पोरांच्या वाट्याला आलं ते चांगलंच आलं. विंदांचा ‘एटू लोकांचा देश’ १९६३चा. सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं, ते मतकरींचं. त्याच मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चिंची चेटकीण २०१८मध्ये पुन्हा उभी राहिली आणि नाट्यगृहं भरली. मुलांबरोबर आलेले आईबापही तितकेच हसत होते. म्हणजे मोठ्यांना जादू नको असते असं नाही. मुलाचं बोट धरल्याशिवाय ती मागायला त्यांना लाज वाटते.

मोठ्यांसाठी दार उघडलं ते तीन तऱ्हांनी. नारायण धारपांनी ते भीतीसाठी उघडलं. पलीकडून काहीतरी आत येतं आणि त्यांच्या कथांतल्या समर्थ या नायकाने ते परत घालवायचं असतं. तिथे परकं म्हणजे शत्रू. जी. एं.च्या ‘रमलखुणा’त (१९७५) परका प्रदेश पूर्ण उभा राहतो, त्याचे देव, त्याची शहरं, त्याची वाळू. पण त्यांच्या प्रवाशाला तिथे घर मिळत नाही, नियती मिळते. आणि नारळीकरांचे गंगाधरपंत. पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या जगात हा इतिहासाचा प्राध्यापक जाऊन पोहोचतो. ज्या जगाचं स्वप्न पाहावं ते समोर आहे, आणि त्या जगातल्या सभेत अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीकडे धावला म्हणून श्रोते त्याला हुसकावून लावतात. ही मला मराठीतली फार हुशार कथा वाटते. पण तिचा जीव शक्यतेच्या गणितात आहे. पंतांना कुणी जवळ करावं, ही ओढ तिला नाही.

भीती, नियती, गणित. आपलेपणाची जागा रिकामीच राहिली. ती आज भाषांतरांनी भरली आहे. ‘हॅरी पॉटर आणि परीस’ मराठीत वाचणाऱ्या मुलाला जिन्याखालच्या खोलीतला पोरका पोरगा लगेच आपला वाटतो, तेव्हा त्यात लंडनचं काही कौतुक नसतं. कौतुक त्या पोराला शाळेचं पत्र येतं याचं असतं.

आता हे पत्र गडब गावाला का येऊ नये? मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ सोडलं की डोलवीचा पोलाद कारखाना लागतो, आणि त्याच्या लगत पेण तालुक्यातलं हे गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खारेपाट. बांध आणि उघाड्या घालून समुद्राकडून सोडवलेली ही जमीन बांध फुटला की पुन्हा खाडीची होते. माणसाचं जग आणि पाण्याचं जग यांच्यामध्ये एक मातीची भिंत आणि तिला एक झडप. याहून चांगलं दार गोष्टीतल्या कुठल्या जादूच्या कपाटाला असेल? पुढे रोह्याला तर मध्य रेल्वे संपून कोकण रेल्वे सुरू होते, म्हणजे सीमा तिथेही आहेच.

परकी माणसंही इथे कल्पनेतून आणावी लागत नाहीत. कारखान्यांच्या कामावर परराज्यांतून आलेली कुटुंबं आहेत. त्याहून बोचरं म्हणजे इथलेच असून परके ठरलेले कातकरी. खैराच्या काताचा धंदा जंगलाबरोबर हातातून गेला, आणि पावसाळा सरला की बिऱ्हाड वीटभट्टीवर. वर्गात हजेरीपटावर नाव असलेली आणि दिवाळीनंतर न दिसणारी कातकरी मुलगी ही नागपंचमीच्या धाकट्या सुनेची सख्खी बहीण आहे. तिच्यावर आपण अहवाल लिहिले, वास्तववादी कथा लिहिल्या, त्यांत ती बहुधा दयेला पात्र ठरली. तिला फणीवर बसवून नेणारा मामा कुणी लिहिला नाही.

एक शंका रास्त आहे. अशा मुलीला जादू देणं म्हणजे तिच्या हक्काच्या प्रश्नावर फुंकर घालणं नव्हे का? वाईट लेखकाच्या हाती तसंच होईल. पण कहाणीतली सून माहेर पाहून सासरी परत येते, आणि परत येते ती पाठीशी भाऊ असलेली होऊन. पळवाट आणि पाठबळ यांतला हा फरक ज्याला कळतो त्यानेच या वाटेला जावं.

दुसरी अडचण भाषेची. आपल्या अद्भुत कथेतले राक्षस, पऱ्या, चेटकिणी सगळे शुद्ध पुणेरी बोलतात. खाडीपलीकडचं जग आगरीत का बोलू नये, कातकऱ्यांच्या बोलीत का बोलू नये? तसं झालं तर प्रमाण मराठी बोलणारा वाचकच थोडा वेळ परका होईल, आणि या प्रकाराला नेमकं तेच हवं आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांना म्हणून एक विनंती. अनुवादित जादूला पानं देता, भुताखेतांचे विशेषांक काढता. पुढच्या वर्षी पेण-रोह्याकडच्या एखाद्या नव्या लेखकाकडून मोठ्यांसाठीची अद्भुत लघुकादंबरी मागवा, तिला पन्नास पानं मोकळी ठेवा, आणि हस्तलिखित आलं की त्यातली आगरी ‘सुधारायला’ मुद्रितशोधकाकडे पाठवू नका.