वाघ दिसला का? : जंगलाच्या पुस्तकांत आपलं गाव शोधताना

नागझिऱ्याहून परत आलो त्या संध्याकाळी मी अजून चपला काढत होतो, तेवढ्यात मोठीमायने विचारलं, "दिसला का रे वाघ?"

नाही दिसला, म्हटलं.

"आन् पैसे किती गेले?"

सहा जणांत वाटून आलेला आकडा सांगितला. ती सुपातले तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "वाघ पाहाले पैसे! आमी त पैसे देऊ, पन तो दिसू नोको."

घरातले सगळे हसले, मीही हसलो. रात्री फोन घेऊन सफारीवर लिहायला बसलो. सहाशे शब्द झाले. पहाटेचं धुकं, गेटवरचा चहा, चितळाचा इशारा, श्वास रोखून बसलेले आम्ही. वाचून पाहिलं, तर यातलं एकही वाक्य माझं नव्हतं. हे सगळं मी आधी कुठेतरी वाचलं होतं. मुख्य म्हणजे, ते पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाने लिहिल्यासारखं होतं. मी तर कोंढ्याचा. पवनी तालुक्यातलं हे गाव. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा एक भाग आमच्याच तालुक्यात येतो. ज्या मोहाखाली मोठीमाय दर एप्रिलला पहाटे वाकून फुलं वेचते, त्याला मी माझ्या लेखात 'निसर्गाचं अनाघ्रात रूप' म्हटलं होतं.

ते सहाशे शब्द मी खोडले. असं का लिहिलं गेलं, हे शोधताना जे सापडलं ते इथे मांडतोय.

आपल्याकडचा सफारीचा लेख आता ठरलेल्या साच्यात येतो. पहाट होते, गेट उघडतं, गाईड कुजबुजतो. वानर खाकरतं. मग 'तो' येतो किंवा येत नाही. आला तर 'डोळ्यांचं पारणं फिटलं', नाही आला तर 'जंगल म्हणजे फक्त वाघ नव्हे' असा शहाणपणा शेवटच्या परिच्छेदात. हा साचा लेखकाच्या आळसातून आलाय असं मला आधी वाटायचं. आता वाटतं, तो जिप्सीतून आलाय. जिप्सीतून उतरायचं नाही, आखलेला रस्ता सोडायचा नाही, ठरल्या वेळी बाहेर पडायचं. ज्याला जंगल फक्त चार तास आणि फक्त रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतं, त्याच्या लेखात दुसरं काय येणार? गाडीचे नियम प्राण्यांच्या भल्यासाठी आहेत, ते हवेतच. पण त्या नियमांतून दिसलेल्या तुकड्याला आपण 'जंगल' म्हणतो आणि तसंच लिहितो, ही चूक नियमांची नाही, आपली आहे.

हा साचा किती घट्ट बसलाय ते ३१ डिसेंबर २०२४ ला दिसलं. कऱ्हांडल्याच्या गोठणगाव मार्गावर एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या गाड्या लागल्या आणि त्यांची वाट अडली. व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. नंतर सफारीत मोबाइल नेण्यावर निर्बंध आले. त्या गाड्यांतल्या लोकांना मी शिव्या दिल्या होत्या. पण खरं सांगायचं तर ती माणसं आपण लिहिलेलीच गोष्ट जगत होती. शेवटी 'तो' यायलाच हवा, आणि आला की निसटता कामा नये.

नागझिऱ्याला जाण्याआधी मी व्यंकटेश माडगूळकरांचं 'नागझिरा' पुन्हा वाचलं होतं. पुस्तक चार दशकांहून जुनं आहे. सांगली जिल्ह्यातल्या माडगूळचा, पुण्यात आकाशवाणीवर नोकरी करणारा हा लेखक आपल्या जिल्ह्यात येऊन राहिला (तेव्हा गोंदिया वेगळा जिल्हा नव्हता, तो १९९९ मध्ये झाला) आणि पुस्तक लिहून गेला. नागझिरा अभयारण्य १९७० चं, म्हणजे तेही तेव्हा नवंच होतं.

आज वाचताना जाणवतं ते पुस्तकातलं थांबणं. हे वाघाच्या मागे धावणारं पुस्तक नाही. माडगूळकर चित्रकारही होते. चित्र काढणाऱ्याला एका जागी बसावं लागतं आणि समोरचं जनावर काय करतंय ते शेवटपर्यंत पाहावं लागतं. त्यांच्या गद्यात तीच सवय आहे. विशेषणं कमी, क्रियापदं जास्त. आपल्या रीलमध्ये जनावर 'असतं', त्यांच्या पानावर ते काहीतरी 'करत असतं'. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपण पाहुणे आहोत हे ते विसरत नाहीत. जंगलाशी आपलं जन्मोजन्मीचं नातं असल्याचा आव ते आणत नाहीत.

पण पाहुण्याच्या पुस्तकाला मर्यादा असते, आणि ती चांगल्या पाहुण्यालाही चुकत नाही. पाहुणा माणसांपासून दूर जायला जंगलात येतो. आमच्याकडचा माणूस माणसांसाठीच जंगलात जातो. चुलीसाठी, मोहासाठी, तेंदूपत्त्यासाठी, लेकराच्या फीसाठी. हा माणूस पाहुण्याला दिसला तरी वाटेत दिसतो, मुक्कामाला नाही.

दुसरी जागा मारुती चितमपल्लींची. तेही मूळचे आमच्याकडचे नाहीत, सोलापूरचे. पण ते वनखात्यात होते, नोकरीने इथे आले आणि नवेगावबांधला रमले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. तेव्हा माझ्या फोनवर दोन दिवस 'अरण्यऋषी' हा एकच शब्द फिरत होता. मला तो शब्द खटकतो. ऋषी म्हटलं की माणूस एकटा होतो आणि ज्ञान त्याला तपातून मिळालेलं असतं. चितमपल्लींना ते विचारून मिळालं होतं. 'रानवाटा' काय, 'जंगलाचं देणं' काय, त्यांच्या लेखनात सांगणारी माणसं आहेत. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार आहेत, रानात राहणारे आदिवासी आहेत. पक्ष्यांची, झाडांची, माशांची जी नावं त्यांनी कोशांत नेली, त्यांतली कितीतरी अशा लोकांच्या तोंडची होती. त्यांना ऋषी करून आपण नकळत ते सांगणारे पुसतो. मला तरी ते झाडाखाली बसलेल्या तपस्व्यापेक्षा वही घेऊन हिंडणारे विद्यार्थी वाटतात, आणि तेच मोठं वाटतं.

नवेगावचं जंगलही असंच पुसलेलं आहे. १९७५ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. फोटोत सगळ्यात आधी येतं ते पाणी. टेकड्यांच्या कुशीतला तलाव, थंडीत येणारे पक्षी. खाली कॅप्शन, 'निसर्गाची किमया'. पण हा बांध आहे, गावाच्या नावातच तो आहे. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी याने तो बांधल्याचं सांगतात. भंडारा-गोंदियातले असे हजारो तलाव कोहळी समाजाच्या पाण्याच्या जाणकारीतून आणि मजुरांच्या पाठीतून उभे राहिले. सरकारी कागदावर त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात, म्हणून आम्ही थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतो. ते भातासाठी खणले गेले, पक्षी मागून आले. राज्यातले मोजके उरलेले सारस तर बहुतेक गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत आणि तलावांच्या काठी राहतात, राष्ट्रीय उद्यानाबाहेर, शेतकऱ्याच्या चिखलात.

म्हणजे ज्याला आपण माणसाचा हात न लागलेलं रान म्हणून पाहायला जातो, त्याच्या मध्यभागी माणसाच्या हाताने बांधलेलं पाणी आहे. 'माणसाशिवायचं रान' ही कल्पना मुळात आमच्याकडची नाहीच. १८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, तेव्हा तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणारे मूळ रहिवासी होते. त्यांना बाहेर काढलं गेलं आणि मग ते रान 'निर्मनुष्य' म्हणून दाखवलं गेलं. रामचंद्र गुहांनी १९८९ मध्येच लिहिलं होतं की हा अमेरिकन नमुना भारतासारख्या दाट वस्तीच्या देशावर बसवला की त्याची किंमत गरिबांना मोजावी लागते. आमच्या भागाचं जुनं नावच झाडी. बोली झाडीबोली, नाटकं झाडीपट्टीची. आमच्या भाषेत झाडी म्हणजे कुठे जायची जागा नाही, राहायची जागा आहे.

आता यावर कुणी म्हणेल, मग वाघाचं काय? संरक्षण नसतं तर तो उरला असता का? नसता. हे मी मान्य करतो, आणि सोपं उत्तर माझ्याकडे नाही. सफारीमुळे आजूबाजूच्या गावांतल्या पोरांना काम मिळालं हेही खरं. आमचा गाईड अशाच एका गावचा होता. चार तास तो आम्हाला पगमार्क, रानगवे, रानकुत्री दाखवत राहिला. बाहेर आल्यावर चहा पिताना सहज म्हणाला, मागच्या पावसाळ्यात त्याच्या घरची गाय वाघाने नेली. मी विचारलं, हे आत का नाही सांगितलं? तो म्हणाला, "पर्यटकांचा मूड जातो." मला त्या दिवसाची हीच गोष्ट सगळ्यात जास्त लक्षात राहिली. त्याला जंगल आमच्यापेक्षा शंभरपट कळतं, पण त्यातलं फक्त विकलं जाणारं तेवढंच त्याला बोलायची परवानगी आहे. ती परवानगी कुणी कायद्याने काढून घेतलेली नाही. आपल्या आवडीने काढून घेतली आहे.

जयची गोष्ट आठवते? 'शोले'वरून नाव पडलेला वाघ. जन्म नागझिऱ्याचा. २०१३ मध्ये तो शंभर किलोमीटरहून जास्त चालत आमच्याकडे, उमरेड-कऱ्हांडल्याला आला. मग तो स्टार झाला, त्याला पाहायला रांगा लागल्या, अभयारण्याचं नाव देशभर गेलं. एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या गळ्यातल्या कॉलरचा संदेश पवनीच्या बाजूने शेवटचा आला आणि जय नाहीसा झाला. पुढच्या वर्षी त्याचा बछडा मानला जाणारा श्रीनिवास नागभीडकडे मेलेला सापडला, शेताच्या कुंपणातली वीज लागून.

जयवर ढीगभर लिहिलं गेलं. त्यात तो नागझिऱ्यात असतो आणि मग एकदम कऱ्हांडल्यात असतो. मधले शंभर किलोमीटर एका वाक्यात संपतात. पण वाघ उडून आला नव्हता. तो धानाच्या बांध्यांतून, हायवे ओलांडून, वैनगंगा ओलांडून आला. कुणाच्या तरी तुरीत दिवसभर पडून राहिला असेल, कुणाच्या तरी गोठ्यामागून रात्री गेला असेल. त्या वाटेवरच्या गावांनी त्याला जाऊ दिलं. त्या गावांची गोष्ट मी अजून कुठे वाचलेली नाही. आणि श्रीनिवासच्या मरणात ती वीज लावणारा शेतकरी फक्त गुन्हेगार म्हणून येतो. रानडुकरांनी पीक खाल्लेल्या माणसाची रात्र कशी असते, ते कुणी लिहीत नाही. ती लिहिली म्हणजे तारेला माफी दिली असं होत नाही.

म्हणून मला वाटतं, आपल्या जंगलाच्या साहित्यात दोन जागा भरलेल्या आहेत आणि एक रिकामी आहे. पाहुण्याची जागा माडगूळकरांनी भरली, जाणत्या अधिकाऱ्याची चितमपल्लींनी. दोघांनीही आपापल्या जागेवरून दिसलं तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं, म्हणून ती पुस्तकं टिकली. आपण मागून आलो आणि आपली जागा सोडून त्यांच्या जागांवर बसून लिहू लागलो. मी कोंढ्याचा असून पाहुण्याच्या आवाजात लिहिलं, ते यामुळेच. तिसरी जागा गेटबाहेरच्या माणसाची. तिथून वाघ सुंदरही दिसतो आणि त्याची भीतीही वाटते, दोन्ही एकाच वेळी. हे दोन्ही एका वाक्यात आणणारं मराठी गद्य मला वाचायचं आहे.

या एप्रिलला मी मोठीमायसोबत मोह वेचायला गेलो. पाच वाजता, बॅटरी घेऊन. तिच्यासोबत आणखी तीन बाया. एकटीने जायचं नाही हा त्यांचा नियम, आणि सारख्या बोलत राहायचं हा दुसरा. वाकलेल्या माणसावर वाघ जनावर समजून येतो म्हणतात, म्हणून दर थोड्या वेळाने उभं राहायचं. जमिनीवर फुलं पिवळसर पांढरी, वास गोड आणि थोडा आंबट. मला वीस मिनिटांत पाठ धरली. चौघींचं बोलणं मात्र थांबत नव्हतं. कुणाच्या सुनेचं, कुणाच्या घरकुलाच्या हप्त्याचं. मध्येच मोठीमाय गप्प झाली. बाकीच्याही झाल्या. नाल्याच्या बाजूला एक भेकर ओरडलं होतं, मी ऐकलंही नव्हतं.

त्या उभ्या राहिल्या, टोपल्या कमरेवर घेतल्या आणि मोठ्याने बोलत घराच्या वाटेला लागल्या. अर्धी फुलं तशीच राहिली.

वाटेत मी विचारलं, "होता का?"

"असन," ती म्हणाली. "त्याचंबी रान हाय. उद्या येऊ."