जिभेच्या कॅन्सरमधला जीवाणू: पेपर वाचताना काय बघायचं?

शिरूर-दौंड भागात तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की बोलणं मिश्री, तंबाखू, गुटख्यावर येतं, आणि ते बरोबरच आहे. पण हल्ली ‘तोंडातल्या जीवाणूमुळे कॅन्सर’ अशाही बातम्या फिरतात. तुम्ही पीएच.डी.ची तयारी करत असाल तर बातमी बाजूला ठेवा आणि मूळ पेपर उघडा. आपल्या राज्यातलाच एक घेऊ: खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये अमित दत्त यांच्या गटाने केलेला, ‘एनएआर कॅन्सर’ नियतकालिकात २०२२ साली आलेला.

या गटाने सहा प्रकारच्या कॅन्सरमधल्या २३९ एक्झोम आणि १,१६८ ट्रान्सक्रिप्टोममध्ये १,०६० रोगजंतू शोधले. कल्पना सोपी आहे. गाठीच्या सिक्वेन्सिंगमधले जे तुकडे माणसाच्या जीनोमशी जुळत नाहीत, ते जंतूंच्या जीनोमशी जुळवून बघायचे. डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये फ्युजोबॅक्टेरियम बरंच सापडलं, अगदी मोठ्या आतड्याच्या कॅन्सरइतकं. जिभेच्या ज्या गाठींत ते जास्त, तिथे कॅन्सर मानेतल्या गाठींपर्यंत पसरण्याचं प्रमाण जास्त आणि रुग्णांचं जगणं कमी.

पेपरची जमेची बाजू कुठली? संगणकावर सापडलेलं जिभेच्या नमुन्यांवर पुन्हा तपासलं. हे फार महत्त्वाचं आहे. ‘नेचर’मधला कॅन्सर आणि जीवाणूंवरचा २०२०चा एक गाजलेला पेपर २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला, त्यात माणसाचेच तुकडे जीवाणूंचे म्हणून मोजले गेले होते, असा आक्षेप होता.

आता मर्यादा बघा. नमुना गाठ झाल्यावरचा आहे. मग जीवाणू आधी आला की गाठ? फ्युजोबॅक्टेरियमला ऑक्सिजन नको असतो, त्यामुळे गाठीची आतली जागा त्याला आयतीच मिळत असेल. शिवाय वर्षानुवर्षं तंबाखू खाणाऱ्याच्या हिरड्याही खराब असतात. लेखकांनी शीर्षकात ‘संबंध’ म्हटलंय, ‘कारण’ नाही. बातमीत नेमका हाच शब्द बदलतो.

औषधाला न जुमानण्याचा मुद्दाही असाच. २०१७ साली ‘सेल’मध्ये दाखवलं होतं की हा जीवाणू पेशींची ऑटोफॅजी चालू करतो, आणि त्यामुळे ऑक्सालीप्लॅटिन व ५-एफयूचा परिणाम कमी होतो. पण ते मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये. तोंडाच्या कॅन्सरवर बहुतेकदा आधी शस्त्रक्रिया होते, आणि केमोत मुख्य औषध सिस्प्लॅटिन असतं. तिकडचा निष्कर्ष उचलून इकडे लावता येत नाही.

उलट २०२४ मध्ये लंडनच्या गटाला डोकं-मानेच्या कॅन्सरमध्ये फ्युजोबॅक्टेरियम असलेले रुग्ण जास्त जगताना दिसले. प्रयोगशाळेत या जीवाणूने ७० ते ९९ टक्के कॅन्सरपेशी मारल्या! मग खरं कोण? कदाचित दोघेही. गाठीची जागा, टप्पा, एचपीव्ही, तंबाखू आणि जीवाणूची उपजात वेगळी असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकतं. तुमचा संशोधन-प्रश्न इथेच आहे: मिश्री लावणाऱ्यांच्या तोंडात गाठ होण्याआधी कुठली उपजात असते, आणि पुढे काय होतं? त्यासाठी एकेका माणसाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा लागेल.

तोवर घरात कुणी ‘दोष जीवाणूचा, मिश्रीचा नाही’ म्हणालं, तर ते खोडून काढा. आणि कुणी स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घ्यायला निघालं, तर थांबवा. या पेपरमधून यातलं काहीच सिद्ध होत नाही.