अनुवादाचे परीक्षण: काही निकष

‘अनुवाद वाटतच नाही’ हे मराठीत अनुवादकाला मिळणारे सर्वांत मोठे प्रशस्तिपत्र होय. परीक्षक ते सढळ हाताने देतात. मीही दिले आहे. परंतु हा निकष सर्वांस सारखाच लागू पडतो काय? देवलांचे ‘झुंझारराव’ (१८९०) त्यावर सहज उतरते. डेस्डिमोनाची तेथे कमळजाच झाली आहे. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ (१९७४) मात्र अडखळतो. कारण लिअर तेथे लिअरच राहतो आणि त्याचे परकेपण पुसणे हे अनुवादकाने आपले काम मानलेलेच नाही. मग ज्याची जी प्रतिज्ञा त्याच मापाने त्याला मोजावे, एवढे म्हणून सुटता येईल? मला तसे वाटत नाही. मूराचे व्हेनिसमधील उपरेपण हा ‘ऑथेल्लो’चा कणा आहे. देशी वेषात त्या उपरेपणाचे काय झाले, हे देवलांना विचारण्यात अन्याय कोणताच नाही.

अन्याय घडतो तो निराळ्याच ठिकाणी, आणि त्याचे उदाहरण मला स्वतःचेच द्यावे लागत आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका बंगाली कादंबरीच्या मराठी अनुवादाचे मी परीक्षण केले. तेव्हा मला बंगाली येत नव्हते. इंग्रजी अनुवाद शेजारी ठेवून मी ताळा पाहिला. नायिका नायकाला आरंभी ‘तुम्ही’ म्हणते आणि मध्येच, एका अगदी साध्या वाक्यात, ‘तू’ म्हणू लागते. ही अनुवादकाची बेफिकिरी, असे मी ठणकावून लिहिले. पुढे बंगाली शिकून मूळ ग्रंथ वाचला, तेव्हा ध्यानात आले की नेमक्या त्याच वाक्यात ‘आपनि’चे ‘तुमि’ होते. सारी कादंबरी त्या सर्वनामावर वळते. इंग्रजीला एका ‘यू’वर भागवावे लागते, तेथे ते वळण उमटलेच नव्हते. मराठीने जे राखले होते तेच मी दोष म्हणून मांडले.

तेव्हा मूळ भाषा येते किंवा नाही, ताळा कशाशी पाहिला, किती पानांचा पाहिला, हे परीक्षकाने आरंभीच सांगावे. मूळ येत नसेल तर मराठी गद्याविषयी अवश्य बोलावे, तो त्याचा अधिकारच आहे. मूळनिष्ठेविषयी मात्र मौन पाळावे. चुकांची यादी द्यायची तर त्या अर्थ फिरविणाऱ्या आहेत की नुसत्या निसटलेल्या, हेही नोंदवावे. दहा चुका कोणत्याही ग्रंथात सापडतात.

तो अनुवाद पुन्हा छापला गेला नाही. माझे परीक्षण मात्र माझ्या लेखसंग्रहात अद्याप आहे. नव्या आवृत्तीत ते न गाळता त्याखाली दुरुस्ती जोडावी, असे मी ठरविले आहे.