पोरापोरांतली फ्रेंच: नववीच्या एका पुस्तकाची झाडाझडती

आज एका शालेय पुस्तकाबद्दल लिहितेय. पीएच.डी.च्या ब्लॉगवर नववीचं पुस्तक कशाला, असं वाटेल. आधी ते माझ्या टेबलावर कसं आलं ते सांगते.

माझं काम ब्रह्मपुरीच्या आसपासच्या जंगलात झाडांच्या बुडाशी येणाऱ्या गॅनोडर्मा या टणक, लाकडासारख्या बुरशीवर आहे. या गटाचं नाव घेतलं की एक जुना लेख वाटेत येतोच: नार्सिस पातुयार या फ्रेंच शास्त्रज्ञाचा, 1889 चा. लेख अख्खा फ्रेंचमध्ये. असे लेख पुष्कळ आहेत, कारण 1935 पूर्वी नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्येच द्यायची सक्ती नव्हती. ज्याला जी भाषा सोयीची, त्यात तो लिहायचा. नंतर लॅटिन सक्तीचं झालं आणि 2012 पासून लॅटिन किंवा इंग्रजी चालतं. पण जुनी वर्णनं आहेत तिथेच आहेत, आणि तुमचा नमुना ओळखायचा तर ती वाचावी लागतात. तुमच्यापैकी जे वनस्पती, बुरशी किंवा कीटकांच्या वर्गीकरणात जाणार आहेत त्यांनी हे आत्ताच लक्षात ठेवा.

मी मोबाइलच्या भाषांतरावर भागवत होते. त्याने मला 'टोपी' आणि 'पाय' दिले. शापो म्हणजे टोपी खरीच, पण बुरशीत तो छत्रीचा वरचा भाग, आणि पिए म्हणजे तिचा देठ. इतकं समजून घेतलं. पुढे एका वर्णनात तपकिरी रंगाचा शब्द आला आणि मी तो छत्रीला लावून वहीत टिपून टाकला.

मे महिन्यात नागपूरहून भाची आली. ती सीबीएसईच्या शाळेत शिकते, नववीला फ्रेंच घेतलेली. बाहेर पारा 45 च्या वर, आम्ही दोघी कूलरसमोर. तिने माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हे टोपीचं नाहीये. टोपी पुल्लिंगी आहे, तिथे ब्रँ पाहिजे. इथे ब्रून आहे, शेवटी ए आहे. कुठल्या तरी बाईचं आहे हे." ती 'बाई' म्हणजे स्पोर, बीजाणू. फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. मी बीजाणूचा रंग छत्रीला देऊन बसले होते! अशा वर्णनांत क्रियापदं फारशी नसतात, नुसती नामं आणि विशेषणं एकापुढे एक. कुठलं विशेषण कुणाचं, हे लिंगावरूनच कळतं.

मग मी तिचं पुस्तक मागून घेतलं. 'आंत्र झन', म्हणजे आपल्या भाषेत 'पोरापोरांत'. सीबीएसईचं हे पुस्तक दोन भागांत आहे, नववीचा एक आणि दहावीचा एक. नववीच्या भागात 12 धडे: कुटुंब, शाळा, पोलीन नावाच्या मुलीचा दिवस, ऋतू, प्रवास, खेळ, पॉकेटमनी, खरेदी, घरचं जेवण, फॅशन, सण आणि शेवटी फ्रॅन्कोफोनी, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या देशांचा परिवार. विषयांची निवड मला आवडली. वयाला धरून आहे. व्याकरणही पक्कं करून घेतात, नाहीतर माझी चूक पोरीने पाच सेकंदांत पकडली नसती. नुसतं घोकून घेतात असं म्हणत नाक मुरडायचं मी आधी ठरवलं होतं, ते मागे घेते.

माझी पहिली तक्रार कानाची आहे. अलीकडच्या नमुना प्रश्नपत्रिकांत लेखी 80 गुण असे वाटलेले: उतारा 10, लेखन 20, व्याकरण 30, संस्कृती 20. बोलणं-ऐकणं काही असेल ते शाळेच्या हातातल्या उरलेल्या 20 मध्ये. याच्या शेजारी फ्रेंचची डेल्फ परीक्षा ठेवा: ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकी 25. म्हणजे बोर्डाच्या लेखी पेपरात पोर एक वाक्यही न ऐकता पैकीच्या पैकी आणू शकते. आणि फ्रेंच ही अशी भाषा, की लिहिलेलं निम्मं तोंडातून बाहेर येत नाही. भाचीला मी एक साधा फ्रेंच व्हिडिओ लावून दिला. तिला दोन शब्द कळले. ती चिडली, आणि तिचं चिडणं रास्त होतं.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि ती पुस्तकापेक्षा ते शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. पुस्तक फ्रेंचमध्येच आहे, पण तिची वही आणि गाईड सगळं इंग्रजीतून. वहीत लिहिलंय: तु म्हणजे यू, व्हू म्हणजे यू, पुढे इंग्रजीत दोन ओळींचं स्पष्टीकरण. अरे बाप्पा, तू आणि तुम्ही! एका शब्दात काम झालं असतं. एका माणसाशी बोलतानाही अनेकवचनी क्रियापद का, हे मराठी पोराला समजावून सांगावं लागतच नाही.

विशेषणांचं घ्या. फ्रेंचमध्ये हिरवा पुल्लिंगी असला तर व्हेर, स्त्रीलिंगी असला तर व्हेर्त. आपलं हिरवा, हिरवी. लाल मात्र रूझ, दोन्हीकडे तसाच. आणि मराठीत? लाल शर्ट, लाल गाडी. तोही बदलत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही सगळी नवी कटकट वाटते, कारण इंग्रजीत विशेषण कुणासाठीच हलत नाही.

भूतकाळ तर बघाच. फ्रेंचमध्ये 'ती गेली' म्हणताना धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणताना ते कर्माकडे बघतं: ला लेत्र क झे एक्रीत. चिठ्ठी स्त्रीलिंगी म्हणून एक्रीत, नाहीतर नुसतं एक्री. गाईडमध्ये याला अपवाद म्हणून चौकटीत टाकलंय. आपण रोज 'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली' म्हणतो ते काय वेगळं? मी तीच, खाणं तेच, बदललं कर्म. फरक एवढाच, की फ्रेंचमध्ये कर्म आधी आलं तरच हे होतं. भाचीला हे सांगितल्यावर ती दोन मिनिटं गप्प बसली, मग म्हणाली, "मग सांगितलं का नाही कुणी?"

मराठीचा पूल सगळीकडे टिकतो असं मात्र नाही. आपली लिंगं तीन, त्यांची दोन. खुर्ची दोन्हीकडे स्त्रीलिंगी, हा योगायोग. पुस्तक आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे पुल्लिंगी. टेबल आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. तेव्हा मराठी हे गृहीतक समजून वापरायचं आणि प्रत्येक शब्दाला तपासायचं, जसं आपण प्रयोगात करतो. आकड्यांतही गंमत आहे. ऐंशीला ते कात्र-व्हँ म्हणतात, म्हणजे चार विसा, आणि नव्वदला चार विसा दहा. वर्गात यावर म्हणे सगळे हसले. माझी आजी धानाच्या पेंढ्या विसा-विसाने मोजायची.

हे फ्रेंचपुरतं नाही. गडचिरोलीत घरी माडिया बोलणारं लेकरू शाळेत येतं आणि पहिल्या दिवसापासून मराठीतून शिकतं. त्याच्याजवळ जे आहे ते बाजूला ठेवून पाटी कोरी धरली जाते. माझ्या भाचीजवळ निदान मावशी होती. मीही झाडीबोलीतल्या 'डोरा'ला 'डोळा' करत शाळा शिकले, त्यामुळे हे जरा जास्तच लागतं.

आणि तो ऋतूंचा धडा. 'माझा आवडता ऋतू' यावर भाचीने लिहिलं होतं: वसंत, फुलं उमलतात, हवा मऊ असते. कूलरची घरघर चालू, खिडकीला ओला पडदा, आणि वहीत वसंत! मी म्हटलं, उन्हाळ्यावर लिही, मोहावर लिही, खरं काय दिसतं ते लिही. म्हणाली, "त्याचे शब्द पुस्तकात नाहीत. चुकले तर मार्क जातात." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. गुण तिचे जाणार, माझे नाही.

तुम्हाला कुणी विचारेल, संशोधनाला फ्रेंच लागते का? बहुतेकांना नाही लागत. लागलीच तर वाचण्यापुरती लागेल, आणि त्यासाठी हे पुस्तक चालेल. त्यातलं लिंगवचन, भूतकाळ आणि सर्वनामं मराठीला जोडून घ्या, पॉकेटमनीचा धडा सोडला तरी चालेल. जुनी नियतकालिकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर फुकट मिळतात. पान उघडलं की आधी सगळी नामं काढा, प्रत्येकाचं लिंग लिहा, मग विशेषणं वाटून द्या. माझ्या वहीतली तपकिरी छत्री मी खोडली आहे, आणि त्या पानापासून मागची सगळी पानं पुन्हा तपासतेय. आतापर्यंत आणखी दोन चुका सापडल्या.